कणा मोडेपर्यंत वाट पाहणार काय?

हजार लोकवस्तीमागे वर्षाला एकापेक्षा जास्त क्षयरोगी निघाला नाही, संशयितांच्या ठरलेल्या तपासण्या झाल्या आणि उपचाराचे कागद जुळले, की गाव ‘टीबीमुक्त’! मग ग्रामपंचायतीला महात्मा गांधींचा पुतळा मिळतो. पहिल्या वर्षी कांस्यरंगी, दुसऱ्या वर्षी रुपेरी, तिसऱ्या वर्षी सोनेरी. २०२३ साली सुरू झालेली ही योजना आहे. गांधींच्या पुतळ्यावर आमचा राग असण्याचे कारण नाही. राग आहे तो या मापावर. ज्या गावात रोगी सापडतो ते गाव नापास आणि ज्या गावात तो सापडतच नाही ते गाव पहिले, हा कुठला न्याय? हजारी तीस संशयितांची तपासणी झालीच पाहिजे, अशी अट त्यात आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तपासणी कशाची? थुंकीची आणि छातीची. ज्याला खोकला आहे तो संशयित. ज्याचा क्षय छातीत नसून पाठीच्या मणक्यात, खुब्यात, गुडघ्यात बसला आहे, तो खोकत नाही. म्हणून तो संशयित नाही, म्हणून तो रोगी नाही, म्हणून गाव टीबीमुक्त आहे आणि पुतळा झळकतो आहे. आणि त्याच गावातल्या एखाद्या घराच्या पडवीत एक बाई बाजेवर पालथी पडून पाय हलवण्याचा प्रयत्न करते आहे!

देशात नोंदल्या जाणाऱ्या क्षयरोग्यांपैकी सुमारे पाव रोगी फुप्फुसाबाहेरच्या क्षयाचे असतात. एकूण क्षयरोग्यांत हाडासांध्यांच्या क्षयाचा वाटा शंभरात एक ते तीन, आणि त्यातले जवळपास निम्मे मणक्याचे. आकडा लहान वाटतो ना? आपल्या भंडारा जिल्ह्याचा हिशेब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात २०२४ साली लाखामागे १८७ लोकांना नव्याने क्षय झाला. २०१५च्या मानाने हे प्रमाण बरेच उतरले आहे आणि त्याचे श्रेय द्यायला आम्ही कंजुषी करणार नाही. पण २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती. देशाची सरासरी लावली तरी या जिल्ह्यात वर्षाला दोन हजारांहून अधिक क्षयरोगी निघायला हवेत आणि त्यात हाडासांध्यांचे वीस ते पासष्ट. हा आमचा ढोबळ त्रैराशिकाचा हिशेब आहे, पण डोळे उघडायला पुरेसा आहे. दर वर्षी एक एसटी भरेल इतकी माणसे! त्यातली किती वेळेवर सापडतात आणि किती लुळी पडल्यावर, हे सांगणारा फलक जिल्ह्यातल्या कोणत्या रुग्णालयाच्या भिंतीवर आहे?

हा रोग कसा हुकतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. मोहाडी किंवा लाखांदूर तालुक्यातली कोणतीही मजूर बाई घ्या. आषाढात चिखलात वाकून रोवणी, कार्तिकात वाकून धानाची कापणी, उरलेल्या दिवसांत मांडी घालून बिड्या वळणे. तिची पाठ दुखते. पाठ कुणाची दुखत नाही? घरचे म्हणतात, रोवणीने कंबर धरली. शेजारीण म्हणते, वात आहे, तेल लाव. कोणी चोळून देतो, कोणी नस चढली म्हणून ओढून देतो. दुखणे रात्रीही थांबेना, झोप लागेना, तेव्हा ती आरोग्य केंद्रात जाते. ‘‘पाठ दुखून रायली जी,’’ एवढेच तिला सांगता येते. समोर रांग असते. दुखणे थांबवणारी सुई आणि पाच दिवसांच्या गोळ्या हातात पडतात. दोन-चार दिवस बरे वाटते आणि तिथेच घात होतो. मग खासगी दवाखाना, मग पट्टा, मग ‘मणक्यात गॅप आहे’ हे सर्वज्ञ निदान. तिला खोकला आहे का, हे कुणी विचारले असेलही. पण वजन उतरले का, संध्याकाळी अंग मोडून येते का, पडून राहिले तरी दुखते का, पाठीवर मधोमध बोट दाबले तर एकाच ठिकाणी कळ उठते का, हे कुणी विचारले? पाठीवरचा पदर बाजूला करून कण्यावरून बोट फिरवले तर एक लहानसा उंचवटा हाताला लागतो. या बोट फिरवण्याला ना वीज लागते ना यंत्र. अर्धे मिनिट लागते, आणि तेच अर्धे मिनिट तिच्या वाट्याला येत नाही!

पाठीचा एक्स-रे फोटो निघतो तेव्हा तरी काय होते? मणक्याचा क्षय हा मणक्यांच्या जोडीचा रोग आहे. एकच रक्तवाहिनी फाटे फोडून वरच्या मणक्याच्या खालच्या भागाला आणि खालच्या मणक्याच्या वरच्या भागाला रक्त पुरवते. जंतू त्या वाटेने येतात आणि दोन शेजारी मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा एकदमच कुरतडतात. म्हणून फोटोत मधली फट अरुंद झालेली, दोन्ही कडा पुसट झालेल्या आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना टकळीच्या आकाराची सावली, म्हणजे आत साचलेला पू, असे चित्र दिसते. नजर असलेल्या डॉक्टरला ते ओळखायला वेळ लागत नाही. पण साधा एक्स-रे हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. हाडातला तीस ते पन्नास टक्के चुना झिजेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. दुखणे सुरू झाल्यावर कित्येक आठवडे, कधी महिने, तो ‘सगळे ठीक’ असेच सांगत राहतो. आमच्या व्यवस्थेत चुका होतात त्या दोन. एक तर फोटो काढलाच जात नाही. आणि काढलाच, तर स्वच्छ निघालेल्या फोटोला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मानून बाईला घरी पाठवले जाते. पहिली चूक आळसाची. दुसरी अज्ञानाची. दोन्हींची शिक्षा भोगते तिसरीच व्यक्ती!

एमआरआय मात्र हाड झिजण्याची वाट पाहत नाही. मणक्याच्या मगजात सूज आली की ती पहिल्या काही आठवड्यांतच त्यात उमटते. पू कुठे आहे, तो कण्याच्या पुढच्या पडद्याखालून वर-खाली किती मणके सरकला आहे, मज्जारज्जूवर दाब आला आहे की नाही, हे सारे त्यात दिसते. संपूर्ण कण्याचा एक लांब पट्टा घेतला तर दूरच्या एखाद्या मणक्यात लपलेले दुसरे ठाणेही सापडते. नुसता दुखणारा भाग पाहून थांबले तर ते हुकते. सीटी स्कॅनमध्ये हाडाचे तुकडे आणि पुवातला चुना दिसतो, आणि सुई नेमकी कुठे घालायची ते कळते. ही यंत्रे आता काही परग्रहावरची राहिलेली नाहीत. ती शोधणाऱ्यांना नोबेल मिळूनही वर्षे लोटली. पण लाखांदूरच्या मजुराला ‘एमआरआय करा’ असे सांगणे म्हणजे काय सांगणे? ‘मेडिकलला न्या’ हे दोन शब्द या जिल्ह्यात जितक्या सहज उच्चारले जातात तितके दुसरे कोणतेही नसतील. भंडारा ते नागपूर साठ किलोमीटर, लाखांदुराहून शंभराच्या घरात. दुखऱ्या कण्याने एसटीच्या मागच्या बाकावर बसून जायचे, तिथल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत उभे राहायचे, तारीख घेऊन परत यायचे, पुन्हा जायचे, अहवालासाठी तिसऱ्यांदा जायचे. सोबत घरातला कर्ता माणूस. दोघांची मजुरी बुडते ती वेगळीच. रांग टाळून खासगीत जायचे तर काही हजार रुपये मोजायचे, म्हणजे बिड्या वळणारीच्या कित्येक दिवसांच्या कमाईवर पाणी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड दाखवा, असे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे, की ती योजना दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांसाठी बेतलेली आहे. ज्याला अजून रोगाचे नावच मिळालेले नाही, तो दाखल कशासाठी होणार? निदानाअभावी दाखल नाही आणि दाखल नाही म्हणून निदान नाही, असे हे चक्र आहे, आणि ते फिरवणारे हात सरकारी आहेत.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इजिप्तमध्ये अमुन देवाच्या एका पुजाऱ्याची सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ममी सापडली. तिच्या पाठीला कुबड होते आणि कण्यालगतच्या स्नायूत पुवाची मोठी पिशवी होती. १९१० साली दोन संशोधकांनी तपासून सांगितले, की हा मणक्याचा क्षय. इंग्लंडमध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्याने कुबड आणि पायांचा लुळेपणा यांची सांगड १७७९ साली घातली होती. तो रोग आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, रॉन्टगेनला क्ष-किरण १८९५ साली सापडले. म्हणजे रोग तीन हजार वर्षांचा, त्याची ओळख अडीचशे वर्षांची, जंतू आणि किरण शंभराहून अधिक वर्षांचे. मेलेल्या पुजाऱ्याचे निदान झाले. जिवंत रोवणीवालीचे होत नाही. याला प्रगती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा!

कण्याजवळचा पू स्नायूच्या वाटेने घरंगळत खाली येतो आणि जांघेत गोळा होऊन उभा राहतो. तो तापत नाही, लाल होत नाही, फारसा दुखतही नाही. डॉक्टरांच्या भाषेत थंड गळू. पाय पोटाकडे ओढून धरल्याशिवाय रुग्णाला बरे वाटत नाही. बघणाऱ्याला वाटते गाठ आहे, हर्निया आहे, फोड आहे. कुणीतरी तो चिरतो, पू वाहून जातो, सगळे समाधान मानतात, आणि मग ती जखम वर्षानुवर्षे भरत नाही. नासूर होऊन वाहत राहते. हे टाळायला एमआरआयही लागत नाही. साधी सोनोग्राफी पोटाच्या मागच्या बाजूला फिरवली तर पुवाची ती पिशवी दिसते, आणि त्याच सोनोग्राफीच्या नजरेखाली सुई घालून पू काढून तपासायला पाठवता येतो. हे काम करणारे यंत्र तालुक्याच्या गावात मिळते. फक्त ते कुठे फिरवायचे हे ठरवणारे डोके हवे.

आणि पू निघाला तर तो जातो कुठे? इथे एक लहानशी गोष्ट आम्ही मोठ्या आवाजात सांगतो, कारण ती कुणीच सांगत नाही. हाडातून किंवा गळवातून घेतलेला नमुना सलाईनमध्ये पाठवला तर जंतूची तपासणी होते, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या तपासणी यंत्रांवर तो लागतो, औषधाला दाद देणार की नाही तेही कळते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात बनते! पण शस्त्रक्रिया झाल्यावर सवयीने संपूर्ण तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला, की जंतू मेला आणि त्याच्याबरोबर जंतू वाढवून पाहण्याची शक्यताही मेली. मागे राहते फक्त सूक्ष्मदर्शकाखालचे रंगवलेले मांस. हाडातल्या क्षयात जंतू आधीच थोडे असतात, साध्या थुंकीच्या पद्धतीने ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत. अशा रोगात अर्धा तुकडा या बाटलीत, अर्धा त्या बाटलीत, एवढे करायला किती खर्च येतो? दोन बाटल्यांचा! नमुनाच न घेता नुसत्या फोटोवरून वर्षभर औषधे चालू ठेवणारे आहेत. क्षय औषधाला दाद न देणारा निघाला तर ते त्यांना वर्ष संपल्यावर कळते. तोवर आणखी दोन मणके गेलेले असतात.

भंडाऱ्यात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. तो मुंबई-पुण्याच्या पुस्तकात ठळक छापलेला नसतो. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा प्रदेश आहे. लंगडत येणाऱ्या मुलाचा खुबा दुखतो, तेव्हा दोन शक्यता एकदम उभ्या राहतात. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याच्या गोलकाचे हाड मरते, क्षयात सांध्यात पाणी भरून सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडे विरळ होतात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही ठिकाणी फारसे काही दिसत नाही. सिकलसेल ठाऊक असलेल्या मुलाचे दुखणे ‘त्याचे नेहमीचेच’ म्हणून सोडून दिले जाते आणि आत क्षय सांधा खात बसतो. उलटही घडू शकते: सिकलसेलचेच दुखणे क्षय समजून महिनोन्महिने क्षयाची औषधे. सांध्याची सोनोग्राफी, एमआरआय आणि सांध्यातल्या पाण्याची तपासणी, यानेच हा गुंता सुटतो. क्षयमुक्तीचे अभियान वेगळे, १ जुलै २०२३ला शहडोलमध्ये सुरू झालेले सिकलसेल निर्मूलनाचे अभियान वेगळे. दोघांचे फॉर्म वेगळे, दोघांची बैठक वेगळी, दोघांचे फलक वेगळे. मुलगा मात्र एकच आणि त्याचा खुबाही एकच! खुब्याचा क्षय झालेली मुले रात्री झोपेत दचकून किंचाळतात. दिवसभर सांध्याला घट्ट धरून ठेवणारे स्नायू झोपेत सैल पडतात आणि दुखरे हाड हाडावर घासते. आईला वाटते मूल घाबरले, कुणाची नजर लागली. तिचा दोष नाही. तिला हे सांगणारे आरोग्य खाते कुठे होते, हा प्रश्न आहे.

मुलांच्या कण्याबद्दल तर बोलायलाच हवे. मोठ्यांच्या मणक्याचा क्षय बरा झाला की कुबड बहुधा तिथेच थांबते. मुलांचे तसे नाही. जंतू मेला, औषधे संपली, कागदावर ‘बरा झाला’ असा शिक्का बसला, तरी मूल वाढते तसे कुबड वाढत जाऊ शकते, आणि मोठेपणी छाती दबून श्वासाला अडचण येऊ शकते, पायांची ताकद जाऊ शकते. कोणत्या मुलाचे कुबड वाढणार, हे आधी ओळखता येते का? येते. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचे डॉ. एस. राजशेखरन यांनी मुलांच्या एक्स-रेतल्या चार खुणा दाखवून दिल्या आणि त्या दिसल्या तर ते मूल धोक्यात आहे असे सांगितले. त्यांचा हा लेख २००१ सालचा. त्या खुणा साध्या एक्स-रेत दिसतात. म्हणजे भंडाऱ्यात, तुमसरात, साकोलीत निघू शकणाऱ्या फोटोत. पंचवीस वर्षे होत आली, आणि आम्ही विचारतो, मणक्याचा क्षय झालेल्या मुलाचा औषधे संपल्यावर दर वर्षी एक बाजूचा फोटो काढायचा, असा नियम या जिल्ह्यात कुणी केला आहे काय? औषधांचा कोर्स संपला की क्षयरोग्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या ‘निक्षय’च्या पडद्यावरून मूल पुसले जाते. त्याची पाठ मात्र दिवसेंदिवस वाकत राहते.

हे सगळे महाग आहे, असे उत्तर आम्हाला दिले जाईल. गावोगावी एमआरआय बसवायचे काय, असे हसून विचारले जाईल. नाही, महाराज! ग्रामीण रुग्णालयात एमआरआय बसवा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की सहा आठवड्यांच्या वर पाठदुखी, तीही रात्री किंवा पडून राहिल्यावरही सतावणारी, त्यात ताप, वजन घटणे किंवा कण्यावर उंचवटा, अशा प्रत्येक माणसाचा त्याच आठवड्यात समोरून आणि बाजूने फोटो निघाला पाहिजे. तो फोटो संगणकावरून क्ष-किरणतज्ज्ञापर्यंत जावा आणि दोन दिवसांत लेखी उत्तर यावे. केंद्राच्या मोफत निदान योजनेत दूरवरून फोटो वाचून घेण्याची सोय आणि जिल्हा रुग्णालयातले सीटी स्कॅन यांना जागा आहे. ती योजना २०१५ची आहे. देशातल्या ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट सुमारे ऐंशी टक्के आहे, हे २०२१–२२च्या सरकारी आकडेवारीनेच सांगितले. तज्ज्ञ तालुक्यात येणार नसेल तर फोटो तज्ज्ञाकडे जाऊ द्या. आणि फोटो स्वच्छ असूनही दुखणे तसेच असेल, तर आठवडाभरात फुकट एमआरआय. जाण्यायेण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी सरकारने द्यावी. क्षयरोग्याला पोषणासाठी महिन्याला हजार रुपये देणारे सरकार निदानासाठी एसटीचे भाडे देऊ शकत नाही? ज्या जिल्ह्यात ३७२ कोटींचे गोसीखुर्द धरण हजारो कोटींवर गेले तिथे पैसा नाही, हे सांगताना जीभ तरी अडखळू द्या.

आणि लवकर सापडले तर काय लागते? बहुतेक रुग्णांना औषधे, विश्रांती आणि लक्ष. इतकेच. वाराणसीच्या डॉ. सु. म. तुली यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले, की मणक्याच्या क्षयाच्या प्रत्येक रुग्णावर सरसकट चाकू चालवण्याची गरज नाही. औषधांवर भिस्त ठेवावी आणि नेमक्या कारणासाठीच शस्त्रक्रिया करावी. त्यांचा हा ‘मध्यम मार्ग’ जगाने मानला. गरीब देशातल्या डॉक्टरने गरीब देशासाठी काढलेली ही वाट. पण ती लवकर सापडलेल्यांसाठी उघडी आहे. लुळेपणा आल्यावर, मज्जारज्जू पुवाखाली दडपल्यावर, तोच रुग्ण नागपूरच्या शस्त्रक्रियागृहाच्या दारात स्ट्रेचरवर पडतो, आणि मग जो खर्च होतो त्यात शेकडो एमआरआय झाले असते. हिशेबातलेही शहाणपण सरकारला हवे असेल तर ते हेच आहे.

भंडाऱ्याला आता सबब उरलेली नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत भंडारा आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे दारावरची पाटी आणि वसतिगृहातली भांडणे नव्हेत. तिथे अस्थिरोग विभाग आणि क्ष-किरण विभाग नावापुरते नव्हे, दिवसाचे चोवीस तास जागे असले पाहिजेत. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी आहेत. दगडाच्या धुळीत सिलिका असते आणि सिलिका क्षयाला घराचे दार उघडून देते. या विद्यार्थ्यांनी तिथल्या वस्तीत जावे. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाने कण्यावरून बोट फिरवायला शिकावे आणि बाहेर पडण्याआधी मणक्याच्या क्षयाचे पन्नास फोटो वाचून दाखवावेत. हे ज्याला जमत नाही त्याला भंडाऱ्याच्या मातीत डॉक्टर म्हणवून घेण्याचा हक्क नाही.

९ जानेवारी २०२१ची पहाट हा जिल्हा विसरलेला नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. देशभर आक्रोश झाला, चौकशी झाली, मंत्री आले. ते योग्यच होते. पण धूर दिसतो म्हणून आग कळते. कण्यात लागलेली आग धूर सोडत नाही. तिच्यावर चौकशी समिती नेमली जात नाही, तिच्यासाठी कुणी राजीनामा मागत नाही, तिची बातमी नागपूरच्या आवृत्तीतही येत नाही. दोन पाय गेलेली बाई मरत नाही, हाच तिचा दोष! मेली असती तर निदान आकडा झाली असती.

समाजालाही आम्ही सोडणार नाही. क्षयाचे नाव घेतले की सोयरीक मोडते या भीतीने रोग लपवणारी घरे आजही आहेत. हाडाचा क्षय, जोवर त्याच रुग्णाच्या फुप्फुसातही क्षय नाही तोवर, इतरांना लागत नाही. अमिताभ बच्चन यांनी आपल्याला मणक्याचा क्षय झाला होता हे जगासमोर उघड सांगितले. ज्या माणसाला काही लपवायची सोय होती त्याने लपवले नाही. मग आमच्या गावात लपवायचे काय? आणि खासगी डॉक्टरांनो, क्षयरोग्याची नोंद करणे २०१२पासून बंधनकारक आहे. पाठदुखीच्या रुग्णाला सहा महिने सुया टोचून शेवटी ‘नागपूरला दाखवा’ म्हणणाऱ्यांनी आपल्या वहीत किती जणांची नोंद केली, हे एकदा दारे लावून का होईना, स्वतःशी तपासावे.

पंतप्रधानांनी २०१८ साली दिल्लीत जाहीर केले होते, की २०२५पर्यंत भारत क्षयमुक्त होईल. ते वर्ष उलटून गेले. मोहिमांमागून मोहिमा झाल्या. डिसेंबर २०२४मध्ये देशात शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांवर गेली, छातीचे फोटो संगणकाने वाचले. ज्यांनी हे केले त्यांचे आम्ही मनापासून कौतुक करतो. पण ते यंत्र छातीवर धरायला शिकलात, ते पाठीकडे वळवायला कोणी बंदी केली होती?

येत्या २४ मार्चला जिल्हाधिकारी कार्यालयात क्षयरोग दिन साजरा होईल, प्रतिज्ञा होईल, फीत कापली जाईल. त्या दिवशी भाषणाच्या आधी एक फलक लावा. त्यावर गेल्या वर्षी जिल्ह्यात हाडासांध्यांच्या क्षयाचे किती रुग्ण नोंदले गेले, ते प्रत्येक तालुक्यानुसार लिहा. त्यातल्या प्रत्येकाला पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती दिवस लागले आणि एमआरआय होईपर्यंत किती, ते लिहा. निदान झाले तेव्हा किती जण आपल्या पायांनी चालत आले आणि किती जणांना उचलून आणावे लागले, तेही लिहा. एखाद्या तालुक्यापुढे शून्य लिहावे लागले, तर शून्यच लिहा. बारा लाखांच्या जिल्ह्यातल्या त्या शून्याचा अर्थ काय, हे आम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर विचारू.